मंदिराजवळ की गाडीजवळ? कोल्हापुरातल्या एका मुक्कामाचं प्रकरण

पार्श्वभूमी

लातूर जिल्ह्यातलं एक शेतकरी कुटुंब. मे महिन्यात धाकट्या मुलाचं लग्न झालं आणि जोडप्याला घेऊन कुलदैवताला जाऊन यायचं ठरलं. कुलदैवत जोतिबा. जोतिबाला निघालं म्हणजे कोल्हापूरची अंबाबाई आलीच, आणि मिरजेकडून येणाऱ्याच्या वाटेवर नरसोबाची वाडीही येते.

माणसं अकरा. ऐंशी ओलांडलेली आजी, गुडघ्यांनी अधू, पण डोकं खणखणीत. थोरले काका-काकू, मुलाचे आई-वडील, नवरा-नवरी, मोठा भाऊ आणि वहिनी, त्यांची दोन मुलं. एक नऊ वर्षांचा, दुसरी दोन वर्षांची. सोबत ठरवलेली सतरा सीटची ट्रॅव्हलर आणि तिचा चालक. शुक्रवारी पहाटे निघायचं, रविवारी रात्री घरी.

बाहेरगावाहून येणाऱ्यांच्या राहण्याफिरण्याची सोय बघून देणं हे माझं काम. फोन मोठ्या भावाचा होता. त्याला इथं ‘दादा’ म्हणू. खरी नावं आणि ओळख पटेल असे तपशील मुद्दाम गाळले आहेत. दादाची मागणी सरळ होती : “मंदिराला लागून चार खोल्या बघा. एसी पाहिजे, लिफ्ट पाहिजे, अन् गाडी खाली दारात लागली पाहिजे.”

अडचण

कोल्हापुरात या मागण्या एका जागी मिळणं फार कठीण. अंबाबाईचं देऊळ जुन्या वस्तीच्या मधोमध आहे. पश्चिमेला महाद्वार. बिनखांबी गणेश मंदिरापासून पापाच्या तिकटीपर्यंतचा महाद्वार रोड म्हणजे शहराची मुख्य बाजारपेठ. पलीकडच्या अंगाला भवानी मंडप, जुना राजवाडा आणि तिथून पुढं बिंदू चौक. या सगळ्या पट्ट्यात गल्ल्या अरुंद, दुकानं रस्त्यापर्यंत आलेली. मे महिन्यात लग्नाची खरेदी आणि सुट्टीचे पर्यटक एकाच वेळी रस्त्यावर असतात. ट्रॅव्हलर तिथं दारापर्यंत नेता येत नाही, आणि नेलीच तर वळवता येत नाही.

वार हीच दुसरी अडचण. शुक्रवार अंबाबाईचा, रविवार जोतिबाचा. म्हणजे दोन्ही ठिकाणी गर्दीच्या दिवशीच पोचायचं असा बेत होता. मी वार बदलायचं सुचवलं. काकांनी फोन हातात घेतला. “लग्नानंतरचं पहिलं दर्शन आहे. जोतिबाला रविवारीच जायचं. बाकीचं तुम्ही म्हणाल तसं.” त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. श्रद्धेनं धरलेला वार गृहीत धरून बाकीची मांडणी करावी, हे मला पटतं.

तिसरी अडचण घरातल्या घरात होती. आजीला देवळाजवळ राहायचं होतं. नऊ वर्षांच्या मुलानं मोबाइलवर पोहण्याचा तलाव असलेलं हॉटेल शोधून ठेवलं होतं. वहिनीला धाकटीच्या झोपेसाठी शांत जागा हवी होती. नवरदेवाला रंकाळा पाहिजे होता. दादाला डोळ्यांसमोर गाडी दिसली पाहिजे, एवढंच.

पर्याय तपासण्याआधी : खेपांचा हिशेब

‘मंदिरापासून किती लांब’ हा प्रश्न सगळेच विचारतात. मी दादाला दुसरा प्रश्न विचारला : तीन दिवसांत कोण, कुठं, किती वेळा जाणार? सुरुवातीला तो म्हणाला, “देवळात एकदा, जोतिबाला एकदा, झालं.” मग घरातल्या बायकांशी बोलून त्यानं खरी यादी पाठवली. तिच्यात शुक्रवारी संध्याकाळी नुसतं मुखदर्शन होतं. शुक्रवारी रात्री देवीची पालखी निघते, आजीला ती बघायची होती. शनिवारी भल्या पहाटे सगळ्यांनी रांगेतून दर्शन, नव्या सुनेच्या हातून ओटी. नंतर गुजरीत एक छोटा दागिना, महाद्वार रोडला साड्या, चप्पल लाइनमध्ये कोल्हापुरी. निघण्याआधी पुन्हा एकदा कळसाला हात जोडायचे.

म्हणजे देवळाच्या परिसरात चार-पाच खेपा, त्याही निरनिराळ्या माणसांच्या आणि निरनिराळ्या वेळी. गाडी मात्र दोनदाच लागणार होती, पन्हाळ्याला आणि जोतिबाला. हा हिशेब मांडल्यावर अर्धा निर्णय तिथंच झाला. खेपा जास्त जिकडं, मुक्काम तिकडं. गाडीसाठी दोनदा चालावं लागलं तरी चालेल. आजीला पाच वेळा रिक्षात चढवणं-उतरवणं नको.

पर्याय

महाद्वार रोड आणि ताराबाई रोडची बाजू. धर्मशाळा, भक्तनिवास, साधे लॉज, सगळं हाकेच्या अंतरावर. आजीच्या दृष्टीनं सर्वांत सोयीचं. पण संध्याकाळी महाद्वार रोडवरून चालणं म्हणजे माणसांच्या लोंढ्यातून वाट काढणं, आणि सामान उतरवून घ्यायला थांबायलाही जागा नाही. इथल्या बऱ्याच इमारतींत खाली दुकानं आणि वर लॉज अशी रचना असते. तिचा एक तोटा पुढं सांगतो.

भवानी मंडप ते बिंदू चौक. देऊळ पायी पाच-सात मिनिटं, बहुतेक सपाट रस्ता. बिंदू चौकात पर्यटकांच्या गाड्यांसाठी वाहनतळ आहे, त्यामुळे गाडी आणि देऊळ यांच्या मधोमध राहिल्यासारखं होतं. गर्दी आहे, पण महाद्वारासारखा लोंढा नाही.

मध्यवर्ती बसस्थानक, रेल्वे स्टेशन, शाहूपुरी. एसटीनं किंवा रेल्वेनं येणाऱ्याला मी डोळे झाकून हा भाग सांगतो. दोन्ही स्थानकं जवळजवळ, रात्री उशिरा जेवण मिळतं, बऱ्याच लॉजमध्ये खोली घेतल्यापासून चोवीस तासांचा हिशेब असतो. वाडी, पन्हाळा, जोतिबा यांच्या गाड्याही याच बसस्थानकावरून. देऊळ इथून दोन-अडीच किलोमीटर. या कुटुंबाकडं स्वतःची गाडी होती, त्यामुळे या भागाचा मुख्य फायदा त्यांच्या कामाचाच नव्हता.

ताराबाई पार्क आणि नागाळा पार्क. बंगल्यांची शांत वस्ती, रुंद रस्ते, झाडी, मोठी हॉटेलं, दारात पार्किंग. वहिनीची आणि दादाची पहिली पसंती हीच. न्यू पॅलेसही इथून जवळ. पण देवळाच्या प्रत्येक खेपेला तीनेक किलोमीटर जा-ये.

रंकाळा. संध्याकाळचा वारा, शालिनी पॅलेस, भेळ, मुलांना मोकळी जागा. रंकाळा बसस्थानकाच्या बाजूनं देऊळ किलोमीटरभरावर. धडधाकट माणसांना रमतगमत चालता येईल एवढंच, पण आजीला नाही.

महामार्गाची बाजू, तावडे हॉटेलच्या आसपास. पार्किंग भरपूर, पोहण्याचा तलावही सापडेल. एका रात्रीचा थांबा घेऊन पुढं गोव्याला किंवा बेळगावला जाणाऱ्याची ही जागा. ज्यांना शहर बघायचं आहे त्यांनी शहराच्या वेशीवर राहू नये, असं माझं ठाम मत आहे.

पन्हाळा किंवा थेट जोतिबाचा डोंगर. हा पर्याय काकांनी काढला. डोंगरावर, म्हणजे वाडी रत्नागिरीला, पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या गुरवांच्या घरी भाविक उतरतात, तिथंच पुरणपोळीचा नैवेद्य होतो. काकांचे वडील तसेच उतरायचे. पन्हाळा आणि जोतिबा शहराच्या एकाच दिशेला, दोन्ही वीसेक किलोमीटरच्या आत-बाहेर. तेव्हा एक रात्र शहरात, एक रात्र वर, अशी विभागणी शक्य होती.

निर्णयाचे टप्पे

पहिला निर्णय : सगळ्यांनी एकत्र राहायचं की दोन ठिकाणी? तरुण मंडळी ताराबाई पार्कला आणि थोरली देवळाजवळ, असा मध्यममार्ग नवरदेवानं सुचवला. त्याच्या आईनं तो लगेच मोडून काढला. नवी सून पहिल्यांदाच सगळ्यांबरोबर बाहेर निघाली होती, आणि या प्रवासाचा निम्मा हेतू तोच होता. मला तिचं म्हणणं योग्य वाटलं.

दुसरा निर्णय : एक मुक्काम की दोन? काकांचा डोंगरावरच्या रात्रीचा आग्रह होता. वहिनीचं म्हणणं, दोन वर्षांच्या मुलीचं आणि आजीचं सामान दोनदा बांधायचं-सोडायचं म्हणजे तिच्याच गळ्यात पडणार. घरात मत वहिनीच्या बाजूनं गेलं. दोन्ही रात्री एकाच जागी ठरल्या.

तिसरा निर्णय : कुठला भाग? खेपांच्या हिशेबानं महाद्वार आणि बिंदू चौक हे दोनच उरले होते. दादानं एका ॲपवर ‘मंदिरापासून ५०० मीटर’ असं एक स्वस्त ठिकाण शोधलं. असे आकडे बऱ्याचदा सरळ रेषेतले असतात. गल्ल्यांतून फिरून गेलं की तेच अंतर दीडपटीवर जातं. तरीही मी दोन्ही बाजूंच्या लॉजना फोन केले. फोनवर काय विचारलं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण निवाडा तिथंच झाला.

“लिफ्ट आहे का?” याला सगळे ‘हो’ म्हणतात. म्हणून प्रश्न असा विचारायचा : “रस्त्यावरून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या चढाव्या लागतात?” ॲपवरच्या ठिकाणी खाली दुकानं होती, काउंटर पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट तिथून पुढं. म्हणजे आजीला प्रत्येक खेपेला अठरा-वीस पायऱ्या. हाच तो खाली दुकान-वर लॉजचा तोटा. बिंदू चौकाच्या बाजूच्या एका लॉजला रस्त्यापासून तीनच पायऱ्या निघाल्या.

“गरम पाणी कधी?” उत्तर आलं, सहा ते नऊ. पहाटे चारला उठून रांगेत जाणाऱ्याला त्याचा काय उपयोग! दोन बादल्या पाणी तापवून द्यायचं कबूल करून घेतलं. कमोड, न्हाणीघराचा उंबरा, दोन खोल्या आतल्या अंगाला आणि दोन रस्त्याच्या बाजूला, हेही विचारून घेतलं. भाडं महाद्वारच्या जागेपेक्षा थोडं जास्त होतं. दादा कुरकुरला. पायऱ्यांचा आकडा ऐकून गप्प झाला.

काय घडलं

शुक्रवारी पहाटे निघून सोलापूर, सांगोला, मिरज असं करत मंडळी दुपारी नरसोबाच्या वाडीला पोचली. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्ताचं दर्शन, प्रसाद, बासुंदी. कोल्हापुरात शिरेपर्यंत संध्याकाळचे सहा वाजले. सुट्टीतला शुक्रवार असल्यानं बिंदू चौकातला वाहनतळ भरलेला. आधी ठरल्याप्रमाणे माणसं आणि सामान चौकात उतरवलं, दोन रिक्षांनी सामान लॉजवर नेलं आणि गाडी दसरा चौकाच्या मैदानात गेली. दादा अस्वस्थ झाला, पण त्यापुढं शनिवार दुपारपर्यंत गाडीची आठवण कुणालाच आली नाही.

रात्री जेवणं झाल्यावर आजी म्हणाली, “मला नेता का पालखीला? नाही नेलं तरी चालतंय.” त्या ‘चालतंय’चा अर्थ सगळ्यांना कळला. जवळ राहिल्यामुळेच ते शक्य झालं. दमलेले झोपले, आजी, काकू, सून आणि नवरदेव निघाले. भवानी मंडपाच्या कमानीखाली आजी दोनदा टेकली. देवळाच्या आवारात एका कट्ट्यावर बसून तिनं पालखी बघितली. ताराबाई पार्कला उतरले असते तर रात्री नवाला रिक्षा शोधून आजीला घेऊन कुणी निघालं असतं, असं मला वाटत नाही.

शनिवारी पहाटे बादल्या वेळेवर आल्या. मंडप अजून अंधारात होता, पण ओटीच्या टोपल्या मांडून बायका बसलेल्या. खण, नारळ, वेणी, हिरव्या बांगड्या, ओल्या फडक्याखाली झाकलेली कमळं. रांग लवकर सरकली. साडेसातपर्यंत सगळे परत खोलीवर, आणि आजी दहापर्यंत झोपली. मे महिन्यातल्या दुपारी तापलेल्या फरशीवर अनवाणी चालायची वेळ तिच्यावर आली नाही.

दुपारनंतर आजी, काकू आणि धाकटी खोलीवर राहिल्या. बाकीचे पन्हाळ्याला गेले. तीन दरवाजा, सज्जा कोठी, अंबारखाना. मुलानं सिद्दी जौहरच्या वेढ्याबद्दल इतके प्रश्न विचारले की पोहण्याच्या तलावाचा विषय पुन्हा निघाला नाही. परतताना रंकाळ्यावर भेळ, आणि रात्री नवरदेव बायकोला घेऊन गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला गेला.

त्रास रात्री झाला. जवळच्या एका मांडवातून डॉल्बी सुरू होता. दहानंतर थांबला, पण धाकटी तोवर बिथरली होती. वहिनीची खोली रस्त्याच्या बाजूची होती. आतली खोली मिळालेल्या नवदांपत्यानं आपणहून अदलाबदल केली आणि अकराला सगळं शांत झालं.

रविवारी पहाटे पाचला खोल्या सोडून गाडी जोतिबाकडं निघाली. डोंगरावर गाडी लावल्यावर देवळापर्यंत पायऱ्या उतराव्या लागतात. आजीला नवरदेव आणि दादानं खुर्चीवर बसवून उतरवलं. गुलाल-खोबरं उधळलं, ‘चांगभलं’ झालं, काकांनी जुन्या गुरवांचं घर शोधून काढलं आणि नैवेद्य तिथंच झाला. मात्र तिथून निघायला दुपारचे दोन वाजले. पुढं सात-आठ तासांची वाट. मंगळवेढ्याच्या अलीकडं चालकाच्या डोळ्यांवर झापड आली. त्यानं स्वतःच गाडी बाजूला घेतली आणि दोन तास झोपला. घरी पोचायला मध्यरात्र उलटली. सगळे सुखरूप पोचले.

वेगळं काय करता आलं असतं

या प्रकरणात सगळ्यात कमी विचार झाला तो चालकाचा. दोन्ही रात्री तो दसरा चौकात गाडीतच झोपला, मे महिन्याच्या उकाड्यात, डासांत. त्याच्यासाठी खाट धरायची असं कुणाच्याच यादीत नव्हतं. अकरा माणसांचा जीव ज्याच्या हातात, त्याची झोप चार खोल्यांच्या हिशेबात आधी यायला हवी. जुन्या वस्तीत राहायचं ठरलं आणि गाडी लांब लावावी लागणार असली, तर चालकाला गाडीच्या तळाजवळ एखाद्या साध्या लॉजमध्ये खाट घ्यावी. आता मी चौकशीच्या पहिल्या फोनलाच विचारतो : चालक कुठं झोपणार?

दुसरी गोष्ट म्हणजे दुसरी रात्र. पन्हाळा आणि जोतिबा एकाच दिशेला असताना शनिवारी पन्हाळ्याहून शहरात परत यायचं आणि रविवारी पहाटे तोच रस्ता पुन्हा धरायचा, यात माणसांची आणि गाडीची दमछाक झाली. काकांचा डोंगरावरच्या रात्रीचा पर्याय त्या दृष्टीनं सरस होता. पण वहिनीची तक्रारही खरी होती. यातून मार्ग निघाला असता : शनिवारी सकाळी आजी परत झोपलेली असताना बाकीच्यांनी सामान बांधून घ्यायचं, दुपारी सगळ्यांनी एकदमच निघायचं. वहिनीच्या एकटीवर भार पडणार नाही अशी वाटणी आधी ठरली असती, तर तिनं विरोध केला नसता, असं ती स्वतःच नंतर म्हणाली.

तिसरी गोष्ट, परतीचा दिवस. दर्शन, नैवेद्य आणि लांबचा प्रवास हे तिन्ही एका रविवारात कोंबायला नको होतं. सोमवारी सकाळी निघालं असतं तर एका रात्रीचं भाडं वाढलं असतं, एवढंच.

खोल्यांची वाटणीही आधी करता आली असती. लहान मूल आणि म्हातारं माणूस आतल्या बाजूला, बाकीचे रस्त्याकडं. लॉजवाला चाव्या देताना हा विचार करत नाही, तो आपणच करायचा.

आणि हेच पावसाळ्यात असतं तर माझा सल्ला थोडा बदलला असता. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीच्या आणि नागाळा पार्कच्या काही भागांत शिरलं होतं, शिरोलीजवळ महामार्गही बंद पडला होता. जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्यानं निघण्याआधी राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी बघावी. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पाणी ३९च्या आसपास असेल तर नदीकडच्या सखल भागातली खोली धरू नये, राजारामपुरीसारख्या उंचावरच्या भागात बघावी. आणि शहरात अडकून पडायची शक्यता धरून औषधं जास्तीची घ्यावीत.

पुढं

दिवाळीनंतर नवदांपत्य पुन्हा येणार आहे, यावेळी दोघंच, रेल्वेनं. नवरदेवाचा फोन आला, “तोच लॉज सांगा, बिंदू चौकाचा.” मी खेपांची यादी मागितली. देवळात एकदा, बाकी रंकाळा, न्यू पॅलेस, खिद्रापूरचा कोपेश्वर, आणि एसटीनं फिरायचं. त्या यादीला बिंदू चौक बसत नाही. पहिली रात्र बसस्थानकाजवळ धरली आहे, म्हणजे खिद्रापूरला सकाळी लवकर निघता येईल. नंतरच्या दोन रात्री रंकाळ्याच्या बाजूला. आजीनं निरोप दिलाय की शुक्रवार धरूनच या, म्हणून पहिला दिवस शुक्रवार ठेवला आहे.